यादीतले नाव

मतदानाच्या दिवशी सकाळी कोणत्याही मतदान केंद्राबाहेर थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. रांग संथपणे पुढे सरकत असते. मधूनच एखादी व्यक्ती मत न देताच परत फिरते. कोणी मान खाली घालून, तर कोणी तावातावाने बोलत. तिच्या हातात मतदार ओळखपत्र असते, आधार कार्ड असते, एखादे वेळी घरपट्टीची पावतीही असते. नसते ते फक्त आतल्या टेबलावरच्या छापील यादीतले नाव. ‘गेल्या वेळी इथेच मत दिले होते’ असे ती सांगते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण केंद्रावरच्या अधिकाऱ्याचा नाइलाज असतो. ओळखपत्राने माणसाची ओळख पटते. मत देण्याचा अधिकार मात्र यादीतल्या नावानेच मिळतो. घराला कुलूप दिसले म्हणून ‘स्थलांतरित’ असा शेरा बसलेला असतो, किंवा घर बदलल्यावर कोणी नोंद बदललेली नसते. कारण काहीही असो, त्या दिवशी करण्यासारखे काही उरलेले नसते.

लोकसभेच्या निवडणुकीत असे झाले तर माणूस हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका यांच्या निवडणुकीत झालेली चुकामूक मात्र पुढे पाच वर्षे रोज दाराशी येऊन उभी राहते. नळाला पाणी किती वेळ येणार, गटार कोणत्या बाजूने वाहणार, वस्तीच्या कोपऱ्यावर दिवा लागणार की नाही, हे दिल्लीत ठरत नाही. ते ठरवणारी माणसे आपल्याच आळीतली असतात आणि थोड्या मतांनी निवडून येतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काही शे मतदार असतात. एका मोठ्या कुटुंबाच्या मतांनी तिथे निकाल फिरू शकतो. मोठ्या शहरातही हे अशक्य नाही. २०१७ साली बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. फेरमोजणीनेही तिढा सुटला नाही, तेव्हा कायद्यात सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. त्या प्रभागातील ज्या मतदारांनी ‘आपल्या एका मताने काय होणार’ असे म्हणून त्या दिवशी घरी बसणे पसंत केले, त्यांना संध्याकाळी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

यादीत नाव असणे ही गोष्ट आज इतकी साधी वाटते, की ती मिळवावी लागली याचा विसर पडतो. इंग्रजी अमलात नगरपालिका होत्या, पण मत देण्याचा मान कर भरणाऱ्यांचा, मालमत्ता बाळगणाऱ्यांचा आणि शिकलेल्यांचा होता. महात्मा जोतिराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारने नेमलेले. एका व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर सजवण्याचा खर्च मांडला गेला, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या गोरगरिबांसाठी ते बोलत होते, त्यांच्यापैकी कोणालाही त्या सभागृहात प्रतिनिधी निवडून पाठवण्याचा अधिकार नव्हता. मुंबई महानगरपालिकेत प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर.

पुढे १९५१-५२ मध्ये देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. त्या वेळची एक हकिगत आजही सांगण्यासारखी आहे. यादी तयार करणारे कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा उत्तरेकडील अनेक भागांत स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारायचे नाही, अशी रीत होती. मग यादीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असे ठरवले. नावे सांगावीत म्हणून प्रयत्न करण्यात आले, काही ठिकाणी मुदतही वाढवली गेली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अठ्ठावीस लाखांच्या आसपास स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. हा निर्णय कठोर होता, यात शंका नाही. स्त्रियांच्या हातून मत गेले ते रूढीमुळे, आणि शिक्षा झाली ती त्यांनाच. तरी सेन यांचा आग्रह चुकीचा होता, असे म्हणवत नाही. कोणाची आई आणि कोणाची बायको म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाने मत द्यायचे, हे त्या वेळी सांगितले गेले नसते तर ती रीत आणखी किती वर्षे चालली असती, कोण जाणे. पुढच्या निवडणुकांपर्यंत परिस्थिती बरीच सुधारली.

आज नाव सांगण्यास कोणी लाजत नाही, पण स्त्रीचे नाव यादीतून निसटण्याची वाट अजून पुरती बुजलेली नाही. लग्न झाले की मुलगी सासरी येते आणि तिचे नाव माहेरच्या यादीत राहते. शिधापत्रिकेत नाव चढवण्यासाठी घरची माणसे हेलपाटे घालतात, कारण त्यावर धान्य मिळते. मतदारयादीतले नाव मात्र ‘सवडीने बघू’ या गाठोड्यात बांधले जाते. निवडणूक येते तेव्हा सासरी मत नाही आणि माहेरी जायला वेळ नाही, अशी तिची स्थिती होते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली स्त्री उमेदवार होऊ शकते, पण त्यासाठीही आधी यादीत नाव लागते. नाव माहेरी राहिलेल्या सुनेला सासरच्या गावात ना मत देता येते, ना मत मागता येते.

नाव नेमके कुठे असावे, हा प्रश्न कामासाठी गाव सोडणाऱ्यांना अधिक टोचतो. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो, तिथे त्याचे नाव नोंदवले जाते, आणि एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असू शकते. एखाद्या गावात केवळ घर किंवा जमीन आहे, म्हणून तिथे नाव ठेवता येत नाही. मन मात्र इतके सरळ चालत नाही. ‘गावच्या यादीतले नाव काढले तर गावाशी नाते तुटेल’ असे वाटणारी माणसे सुरतेत आहेत, बडोद्यात आहेत, इंदुरात आहेत आणि मुंबईच्या उपनगरांत तर लाखोंनी आहेत. काहींच्या मनात याहून ठोस भीती असते: नाव गेले तर वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क जाईल. ही भीती निराधार आहे. सातबारा आणि मतदारयादी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाव शहरात नेल्याने शेताचा एक गुंठाही कमी होत नाही; ते गावात ठेवल्याने मात्र जिथे पाण्यासाठी रोज रांग लावावी लागते, तिथल्या नगरसेवकाला आपण विचारात घेण्यासारखे वाटत नाही.

याउलट काही माणसांचे खरे घर गावातच असते आणि वर्षातले काही महिने ती बाहेर असतात. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रकांतून कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. त्यांचे नाव गावातच राहणे योग्य आहे, कारण तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. पण अनेक स्थानिक निवडणुका याच थंडीच्या महिन्यांत होतात. तेव्हा नाव गावात आणि माणूस फडात! यावर कायद्यात त्यांच्यासाठी सोपा उपाय अद्याप नाही. एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च सोसून मत द्यायला येणाऱ्या या माणसांपुढे, मतदानाच्या सुट्टीला जोडून सहलीला जाणाऱ्यांनी ओशाळायला हवे.

ज्यांना घरच नाही, त्यांचे काय? पदपथावर किंवा पुलाखाली राहणाऱ्या माणसाकडे वीजबिल नसते, भाडेकरारही नसतो. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे अशा वेळी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन पाहायचे, की अर्जात सांगितलेल्या ठिकाणी हा माणूस खरोखरच झोपतो का. तसे दिसून आले तर पत्त्याच्या कागदी पुराव्यावाचून त्याचे नाव यादीत येऊ शकते. छप्पर नसलेल्या माणसालाही पत्ता आहे, हे मान्य करणारी ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष नोंदणीचे काम त्यामानाने सोपे आहे. यादीत पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर नमुना क्रमांक ६ भरायचा. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल किंवा छायाचित्र बदलायचे असेल तर नमुना क्रमांक ८. लग्नानंतर सासरी आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत असेल, तर तिनेही नमुना ८ भरावा, नवा ६ नव्हे; नाहीतर एकाच व्यक्तीचे नाव दोन याद्यांत येते आणि पुढे दोन्हीकडे अडचण होते. मृत व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी नमुना ७ असतो. हे अर्ज तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत मिळतात, आपल्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे मिळतात आणि आयोगाच्या संकेतस्थळावरही भरता येतात. हा केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे कोणी दूरचा साहेब नव्हे. तो बहुधा जवळच्या शाळेतला शिक्षक असतो किंवा ती अंगणवाडी सेविका असते. त्यांचे नाव ठाऊक नसेल तर १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारता येते. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पारपत्र यांपैकी काही, आणि पत्त्यासाठी वीज किंवा पाण्याचे बिल, बँकेचे खातेपुस्तक, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काही जोडावे लागते. शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही, म्हणून कोणाचा अर्ज अडत नाही. स्वतंत्र भारतात या यादीसाठी शिक्षणाची अट कधीच नव्हती. घटनाकारांनी ती जाणीवपूर्वक ठेवली नाही.

वयाची अट मात्र आहे. १९८९ पर्यंत एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. त्यानंतर ती अठरावर आली. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्यांनाच त्या वर्षी नाव नोंदवता येई, आणि २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसाने अर्ज भरताना नावाच्या अक्षरांकडे बारकाईने पाहावे. ‘कांबळे’ हे आडनाव हिंदी यादीत सहज ‘कांबले’ होते आणि ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजी अक्षरांत गेले, की दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिले जाते. एका अक्षराच्या फरकाने सहसा मत नाकारले जात नाही. पण आधारवर एक, यादीत दुसरे आणि दाखल्यावर तिसरेच नाव असेल, तर तीच व्यक्ती आहे हे पटवून देताना दमछाक होते.

आता स्थानिक निवडणुकीची खरी मेख. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. १९९२ मध्ये झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या निवडणुकांसाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला. म्हणजे आयोग दोन झाले. याद्याही दोन आहेत का? याचे उत्तर राज्याराज्यात वेगळे आहे. केरळ आणि उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांत राज्य आयोग पंचायतींची यादी वेगळी तयार करतो. तिथे विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, दोन्ही याद्या पाहाव्या लागतात. महाराष्ट्रात विधानसभेचीच यादी घेतली जाते आणि ती प्रभागांनुसार फोडली जाते. राज्य आयोग एक तारीख ठरवतो. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जे नाव असेल, ते स्थानिक यादीत येते. त्यानंतर नोंदवलेले नाव त्या निवडणुकीपुरते येत नाही.

हे किती महत्त्वाचे आहे, ते जानेवारी २०२६ मध्ये दिसले. मुंबईसह अनेक महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली होती आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथला कारभार प्रशासकांच्या हाती होता. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि राज्यातील महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. २०१७ च्या निवडणुकीच्या वेळी चौथी-पाचवीत असलेली मुले तोवर मतदार झाली होती. पण या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरण्यात आली. ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झालेली मुलगी, तिने तत्परतेने अर्ज केला असला तरी, या निवडणुकीत मत देऊ शकली नाही. तिची यात काही चूक नव्हती. मात्र आधीच अठरा पूर्ण झालेल्या ज्या तरुणांनी ‘निवडणूक जाहीर झाल्यावर बघू’ म्हटले, त्यांच्याविषयी असे म्हणता येणार नाही.

यादी प्रभागांत फोडली, की तिचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि काही दिवस हरकती मागवल्या जातात. या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही. पण विधानसभेच्या यादीत असलेले नाव इथे गळले असेल किंवा चुकून शेजारच्या प्रभागात गेले असेल, तर ते दुरुस्त करून घेता येते. रस्त्याच्या अलीकडची चाळ एका प्रभागात आणि पलीकडची दुसऱ्या प्रभागात असे अनेकदा असते, आणि लेखनिकाच्या हातून अर्धी चाळ रस्ता ओलांडून जाते. महानगरपालिकेच्या किंवा तहसीलच्या कार्यालयात जाऊन ही प्रारूप यादी पाहणारी माणसे मोजकीच असतात. त्यात पक्षांचे कार्यकर्ते अधिक आणि सामान्य मतदार कमी. एका दुपारचे हे काम एखाद्या गृहिणीने किंवा तरुणाने आळीतल्या सर्वांसाठी केले, तर मतदानाच्या दिवसाचे कितीतरी वाद टळतील.

मतदानाच्या दिवशी आत काय होते, याची धास्ती नवख्या मतदाराला असते. पहिला अधिकारी यादीत नाव शोधून ओळखीचा कागद पाहतो आणि नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे पक्षांच्या प्रतिनिधींना ते ऐकू यावे. दुसरा बोटाला शाई लावून सही किंवा अंगठा घेतो. मग आडोशामागे यंत्र. स्थानिक निवडणुकीत एका मतदाराला अनेकदा एकाहून अधिक मते द्यायची असतात, आणि इथेच गोंधळ होतो. महाराष्ट्रात मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत एका प्रभागातून बहुधा तीन-चार सदस्य निवडले जातात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबावे लागते. ग्रामपंचायतीत सदस्यांच्या जागा आणि थेट निवड असेल तर सरपंच, अशी मते असतात. सर्व जागांसाठी बटणे दाबून झाली, की यंत्राचा आवाज येतो. त्याआधी निघून जाऊ नये. एखाद्या जागेसाठी कोणीच योग्य वाटत नसेल तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहेच. विधानसभेच्या वेळी काचेमागे दिसणारी कागदी चिठ्ठी महाराष्ट्राच्या स्थानिक निवडणुकांत दिसत नाही, त्याने बावरू नये. उत्तर प्रदेशातल्या पंचायत निवडणुकांत तर अजून कागदी मतपत्रिकेवरच शिक्का मारतात.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे, असे कळले तरी मुकाट्याने परतू नये. ओळख पटवून दिल्यावर केंद्राध्यक्षाकडून प्रदत्त मतपत्रिका मागता येते. ते मत वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते आणि सर्वसाधारण मोजणीत धरले जात नाही. पण वाद न्यायालयात गेला तर तो लिफाफा साक्ष देतो.

गावात या यादीचे काम मतदान संपल्यावरही चालू राहते. राज्यघटनेने ग्रामसभेची व्याख्या केली आहे ती अशी, की पंचायत क्षेत्रातील मतदारयादीत ज्यांची नावे आहेत, ते सर्व ग्रामसभेचे सदस्य. घरकुलासाठी लाभार्थी निवडायचे असोत, पाणीयोजनेचा हिशेब मागायचा असो की दारूच्या दुकानाविषयी ठराव मांडायचा असो, हात वर करण्याचा अधिकार त्या यादीतूनच येतो. महाराष्ट्रात सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी गावातल्या स्त्रियांची सभा घ्यावी लागते. चावडीसमोरच्या त्या बैठकीत माहेरून नाव आणलेली सून हजेरीच्या वहीत सही करते, आणि नाव न आणलेली तिच्या शेजारी बसून ऐकते.